काजूच्या माहेरी

मंडळी, मागच्या महिन्यात हे सदर चुकलं. दोघा-तिघांचे प्रेमळ तक्रारीचे निरोप आले, एका वाचक-भाचीने तर "आत्या, बरी आहेस ना?" असं विचारलं. बरी आहे. ब्राझीलला गेले होते. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात साओ पावलोला असतात. चार वर्षं "ये, ये" म्हणत होते आणि मी "गुडघे दुखतात" म्हणून टाळत होते. गुडघे दुखतात हे खरं, पण टाळण्याचं खरं कारण वेगळं होतं. ते आज सांगते.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पोर्तुगीज भाषा चालत नाही. अण्णा मूळचे बार्देशातले. लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकले. वर्गात तोंडून आपला शब्द निघाला की हातावर छडी बसायची. 1955 साली, सत्याग्रहांच्या धामधुमीत, सतरा वर्षांचे अण्णा पत्रकं वाटताना पकडले गेले. काही महिने कोठडीत होते. तिथं काय झालं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत एवढंच आम्ही बघत आलो. सुटल्यावर एका रात्री चोर्ल्याच्या जंगलातून चालत बेळगावात आले. तेव्हा गोव्याबाहेर पडावं लागलेल्या बऱ्याच जणांचा बेळगाव हाच आसरा होता. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण तोवर अण्णांना इथं नोकरी लागली होती, लग्न ठरलं होतं. ते इथलेच झाले. पुढं जांबोटीच्या बाजूला थोडी जमीन घेऊन काजू लावले. आणि पोर्तुगीजचा एक शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही.

अशा माणसाच्या पणतीला पोर्तुगीज बोलणाऱ्या देशात वाढायची वेळ आली. दैव म्हणतात ते हेच.

गेल्या वर्षी अण्णांच्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉल लावला. नातीनं पणजोबांसाठी शाळेतलं वाढदिवसाचं गाणं पाठ केलं होतं. टाळ्या वाजवत, अंगठ्यावर उभं राहत तिनं ते म्हटलं. दुसऱ्या ओळीला अण्णा खुर्चीतून उठले आणि आत निघून गेले. फोन माझ्या हातात राहिला. पलीकडून गाणं थांबलं. थोड्या वेळानं तिनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, पणजोबांना मी नाही आवडत?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंच होतं, आणि ते फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून डिसेंबरात, गुडघ्यांना पट्टे बांधून, दुबईमार्गे निघाले. अण्णांना सांगितलं, "पोराकडं जाऊन येते." ते म्हणाले, "जा." कुठल्या देशात, हे आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही.

ब्राझील किती मोठा आहे हे नकाशात कळत नाही. भारताच्या अडीचपटीहून मोठा, सुमारे 85 लाख चौरस किलोमीटर. माणसं मात्र 2022 च्या जनगणनेनुसार 20 कोटींच्या थोडी वर. साओ पावलोहून अमेझॉनकाठच्या मनाउसला जायला विमानालाही चार तासांच्या आसपास लागतात. तेव्हा आधीच सांगून टाकते, अमेझॉन मी पाहिली नाही. माकडं, मगरी, पिरान्हा मासे यांच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर निराशा होईल.

या देशाचं आणि आपलं नातं त्याच्या 'शोधा'पासूनच आहे. 1500 साली पेद्रो आल्व्हारिस काब्राल 13 जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला तो हिंदुस्थानलाच यायला. वाटेत अटलांटिकमध्ये खूप पश्चिमेकडं वळला आणि 22 एप्रिलला त्याला हा किनारा दिसला. थोडे दिवस थांबून तो पुढं कालिकतला आलाच. किनाऱ्यावर लाल रंग देणाऱ्या लाकडाची झाडं होती. तसं लाकूड युरोपला आधी पूर्वेकडून जायचं, आपण ज्याला 'पतंग' म्हणतो ते. त्या लाकडाचं नाव या नव्या झाडाला मिळालं आणि झाडाचं नाव देशाला. बाजाराला जाताना वाटेत दुसऱ्याचं शेत दिसावं आणि ते आपल्या नावावर करून पुढं बाजार उरकावा, तसा हा प्रकार. दहा वर्षांनी, 1510 मध्ये, त्याच पोर्तुगीजांनी गोवा घेतला.

साओ पावलोत पहिले चार दिवस घर आणि बाजार एवढंच केलं. नात मला दुकानात घेऊन जायची आणि वस्तूंची नावं सांगायची. मी शिकायला तयार नव्हते, खरं तर. अण्णांची मुलगी ना मी! पण कान बंद करता येत नाहीत. पाव तिथं 'पाँव', बटाटा 'बटाटा'च, कोबीसारख्या पालेभाजीला 'कोव्ही'. किल्ली म्हणजे 'शाव्ही', आपली चावी. बादलीला 'बाउजी' म्हणतात, पण लिहितात 'बाल्दे'. लाकडाची मोठी पसरट थाळी दिसली, ती 'गामेला'. आपलं घमेलं! आणि पैसे द्यायच्या रांगेत काउंटरवरच्या मुलीनं मला हसून विचारलं, "वाय पगार कोमु?" मी दचकलेच. पोरीला माझ्या पगाराची काय पंचाईत? सुनेनं सांगितलं, "आई, पगार म्हणजे पैसे देणं. कसे देणार, असं विचारतेय ती." महिन्याच्या पगाराची आपण इतकी वाट बघतो, तो शब्दही त्यांचाच.

त्या रात्री मी वहीत यादी केली. चावी, बादली, घमेलं, पगार, पाव, बटाटा, कोबी, लिलाव, पिंप, फीत, परात. अण्णा गेली सत्तर वर्षं रोज पोर्तुगीज बोलत होते की! हसू आलं, आणि पाठोपाठ भीतीही वाटली. हे त्यांना सांगायचं कसं?

साओ पावलोत लिबर्दादी नावाची वस्ती आहे. 1908 मध्ये 'कासातो मारू' या जहाजातून 781 जपानी माणसं कॉफीच्या मळ्यांवर कामाला इथं आली. आज जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत जास्त माणसं ब्राझीलमध्ये आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारणीशी मुलाच्या मदतीनं बोलले. चेहरा अगदी जपानी, भाषा फक्त पोर्तुगीज. म्हणाली, "जपानी आजी बोलायची. आई समजायची. मला फक्त खायच्या पदार्थांची नावं येतात." मग थोडं थांबून म्हणाली, "माझ्या नातीला तीही येत नाहीत." मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नातीकडं बघितलं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव... मंडळी, आपल्यापैकी कितीतरी घरं या जिन्याच्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर उभी आहेत.

पुढचा टप्पा इग्वासूचा धबधबा. मुलगा विमानाचं म्हणत होता, मी म्हटलं, देश बघायचा तर बसनं. पंधरा-सोळा तासांचा रस्ता. पण पहाटे उजाडलं तेव्हा पराना राज्यातली लालभडक माती दिसली आणि जीव निवला. आपल्या खानापूरच्या वाटेवरची वाटावी अशी माती. फरक एवढाच, की आपल्याकडं बांध दर वीस पावलांवर असतो आणि तिथं सोयाबीनचं शेत क्षितिजापर्यंत बांधच दाखवत नाही. मध्येच गुरांचे कळप. पांढरीशुभ्र, वशिंड असलेली, गळ्याला पोळी लोंबणारी. मी ओरडलेच, "अरे, ही आपली गुरं!" आणि ती खरंच आपली आहेत. आंध्रातल्या ओंगोल जातीची ही गुरं तिथं 'नेलोरी' म्हणून ओळखली जातात, आपल्या नेल्लोरवरून. बडोद्याच्या वाचकांना ठाऊक असलेली गीर गायही तिथं दूधदुभत्यासाठी फार मानाची. युरोपातली गुरं त्या उन्हात आणि गोचिडांपुढं टिकेनात, म्हणून एकोणिसाव्या-विसाव्या शतकात भारतातून गुरं नेली. आज ब्राझीलमधल्या 20 कोटींहून जास्त गुरांपैकी बहुतेकांत हेच रक्त आहे. त्यातली बरीचशी मांसासाठी वाढवतात, हे कळल्यावर मात्र खिडकीतून बघायचा उत्साह जरा ओसरला.

इग्वासूबद्दल थोडक्यात. मूळ रहिवाशांच्या तुपी-ग्वारानी भाषेत नावाचा अर्थ 'मोठं पाणी'. एक धबधबा नव्हे, सुमारे 275 धबधब्यांची रांग, ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर, अडीच किलोमीटरहून लांब. 'सैतानाचा घसा' नावाच्या जागी पाणी 80 मीटर खाली कोसळतं. लाकडी पुलावर उभं राहिलं की पाणी दिसत नाही, नुसता पांढरा गोंगाट. गोकाकचा धबधबा भर पावसात पाहिलेल्यांनी तो आडवा पसरून मनात शंभरदा जोडावा, थोडी कल्पना येईल. नात माझा हात धरून पुलावर उभी होती. पाणी अंगावर आलं की पोर्तुगीजमध्ये किंचाळायची. मी मराठीत. दोघींचं एकमेकींना अगदी नीट कळत होतं.

तिथून विमानानं ईशान्येला, साल्व्हादोरला. हे शहर 1549 मध्ये वसवलं, आणि 1763 पर्यंत ब्राझीलची राजधानी इथं होती. विमानतळाबाहेर पडल्यापासून मला कसंतरी व्हायला लागलं, कारण मी इथं आधी येऊन गेल्यासारखं वाटत होतं. नारळ, दमट वारा, पांढरी चर्चं, उतरत्या गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंती, उभ्या खिडक्या. पणजीतल्या फोंताइन्याशचा मोठा भाऊ. वरचं शहर आणि खालचं बंदर जोडणारी एक लिफ्ट आहे, 1873 पासूनची. लोक तिच्यातून रोज कामाला ये-जा करतात.

जुन्या भागाला पेलोरिन्यु म्हणतात. मी सहज मुलाला अर्थ विचारला. त्यानं फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "फटके मारायचा खांब."

लहानपणी अण्णा आम्हाला एकदाच जुन्या गोव्याला घेऊन गेले होते. चर्च दाखवायला नाही. रस्त्याच्या कडेला एक काळा दगडी खांब आहे, त्यापाशी नेलं. 'हातकातरो खांब' म्हणतात त्याला. खांब कदंबांच्या काळातल्या देवळाचा, आणि पोर्तुगीजांनी तो शिक्षेसाठी वापरला असं लोक सांगत आलेत. अण्णा काहीच बोलले नव्हते. आपली न मिटणारी बोटं त्यांनी एकदा खांबाला लावली आणि आम्ही परत फिरलो होतो.

तोच खांब समुद्रापार इथं. आफ्रिकेतून 40 लाखांहून अधिक माणसं गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये आणली गेली. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी आणली नाहीत. ही प्रथा कायद्यानं संपली 13 मे 1888 ला, अमेरिका खंडातल्या सगळ्या देशांच्या शेवटी. चौकातल्या एका लहानशा संग्रहालयात आम्ही गेलो. एक जड, काळपट लाकडी फळी ठेवली होती, अर्ध्यात उघडणारी, मध्ये भोकं. त्यात पाय अडकवून माणसाला दिवसचे दिवस बसवून ठेवायचे. खाली नाव लिहिलं होतं. मुलानं वाचलं, "त्रोंकु."

मी पुन्हा वाचायला लावलं.

"त्रोंकु, आई. लिहिलंय त्रोंको."

तुरुंग. आपला तुरुंग हा शब्द तिथून आला. अण्णांनी आयुष्यात स्वतःबद्दल जी दोन-तीन वाक्यं बोलली असतील, त्यातलं एक म्हणजे "मी तुरुंगात होतो." त्या वाक्यातला मुख्य शब्दच त्यांनी बांधून ठेवणाऱ्याचा होता. मी बाकावर बसले. नातीनं विचारलं, "आजी, पाय दुखतात?" मी म्हटलं, "हो."

आमच्याबरोबर एक स्थानिक वाटाड्या बाई होत्या, पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, डोक्याला पांढरं फडकं. पणजीचे पणजोबा आफ्रिकेतून आणलेले, इतकंच त्यांना ठाऊक. कुठून, कुठली भाषा, काही नाही. मी मुलाकरवी विचारलं, "ज्यांनी हे केलं त्यांची भाषा बोलताना तुम्हाला राग येत नाही?" प्रश्न उद्धट होता, पण विचारून बसले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "राग येतो. पण मला आईनं ह्याच भाषेत झोपवलं. ती त्यांना कशी परत देऊ?"

मंडळी, इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर अण्णांवर अन्याय होईल. भाषा अशा आपोआप जात नाहीत, त्या घालवल्या जातात. गोव्यात 1684 मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. ब्राझीलमध्ये 1757 मध्ये तसंच झालं. तिथं तुपीवरून तयार झालेली एक बोली सगळीकडं चालायची, तिच्यावर बंदी आणून पोर्तुगीज सक्तीची केली. गोव्यात हुकूम फसला, ब्राझीलमध्ये साधला. अण्णांचा राग खोटा नाही. तसे अनेक जण आपल्या शब्दाला चिकटून राहिले, म्हणूनच गोव्यात हुकूम फसला.

पेलोरिन्युच्या त्याच उतारावर एका दारावर एक चित्र दिसलं आणि मी जागीच थांबले. गोल चष्मा, टक्कल, काठी. गांधीजी! 'फिल्युस जी गांधी', म्हणजे 'गांधींचे पुत्र' या मंडळाची ती जागा. 1949 मध्ये, गांधीजींच्या हत्येच्या दुसऱ्या वर्षी, साल्व्हादोर बंदरावरच्या गोदी कामगारांनी हे मंडळ काढलं. आफ्रिकी वंशाचे, हातावर पोट असलेले हमाल. कार्निव्हलमध्ये ते पांढरा पोशाख, डोक्याला पांढरा फेटा आणि निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा घालून निघतात. आज त्यांची संख्या हजारोंत असते. आफ्रिकेतल्या पूर्वजांच्या देवतांची गाणी म्हणत ते शांततेची मिरवणूक काढतात. नामवंत गायक जिल्बेर्तु जिल, जे 2003 ते 2008 या काळात देशाचे सांस्कृतिक मंत्रीही होते, त्यांनी या मंडळावर गाणं रचलं आहे. गांधीजी कधी ब्राझीलला गेले नाहीत. फटक्यांच्या खांबाच्या नावाच्या चौकात, पोर्तुगीज बोलणाऱ्या हमालांनी आपण होऊन त्यांना बाप मानलं.

बाहेर एक बाई चवळीच्या वाटणाचे मोठे वडे पाम तेलात तळत होती, आकाराजे. आत सुकटीचं सारण. घेरदार पांढरा झगा, गळ्यात माळा. मी दोन खाल्ले. सुकट माझ्या ओळखीची, तेल अनोळखी, वडा अगदी आपला.

शेवटचा टप्पा एका शहराचा, ज्याच्या नावावर माझं मन आधीच बसलं होतं. नाताळ! खरंच शहराचं नाव नाताळ, कारण ते वसवलं गेलं 25 डिसेंबर 1599 ला. आपण नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडूनच घेतला. तिथले लोक शेवटचा 'ल' गिळून 'नताऊ' म्हणतात. आम्ही 24 ला पोचलो. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात, आणि वारा असा की पदर सांभाळता सांभाळता दमून जावं. रस्त्याकडेला तव्यावर टॅपिओका करतात. मँडिओकाच्या पिठाचं पांढरं घावन, आत ओलं खोबरं. मँडिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. तिथं उभ्या उभ्या मला सुचलं, आपल्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. उपासाच्या ताटात आपलं राहिलं ते तूप!

26 तारखेला सकाळी आम्ही शहराबाहेरच्या पिरांजी गावी गेलो. तिथं काजूचं एक झाड आहे. एक. पण ते सुमारे 8,500 चौरस मीटरवर पसरलंय, म्हणजे दोन एकरांहून जास्त. 1994 मध्ये गिनेस बुकात त्याची नोंद झाली. 1888 मध्ये एका कोळ्यानं ते लावलं असं सांगतात. त्याच्या फांद्या वर न जाता आडव्या वाढतात, वजनानं वाकून जमिनीला टेकतात, टेकल्या की मुळं धरतात आणि पुन्हा पुढं निघतात. आत शिरलं की जंगलच वाटतं. एक फांदी मात्र मुळं न धरता थांबली, तिला गावकरी 'किमान वेतन' म्हणतात, कारण तीही वाढत नाही!

काजूचं मूळ घर हेच. ईशान्य ब्राझीलचा हा वाळूचा किनारा. नाव तुपी लोकांचं, आकाजू. पोर्तुगीजांनी त्याचं 'काजू' केलं, सोळाव्या शतकात रोप गोव्यात आणलं, आणि आपण नाव तसंच ठेवलं. भाषा ज्यांची बंदीनं दाबली, त्यांचा हा शब्द बेळगावच्या बाजारात रोज चालतो.

झाडावर फळं होती, लाल-पिवळी. मी घड्याळ बघितलं, तिथले दहा, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा. दिवेलागणीला अण्णा ओसरीवर असतात. भाच्याला फोन लावला आणि म्हटलं, अण्णांना दे.

"कुठून बोलतेस?"

"ब्राझीलहून," मी म्हटलं. पहिल्यांदाच देशाचं नाव घेतलं. मग एका दमात सगळं सांगितलं. खांबाचं, गांधींच्या पुत्रांचं. तुरुंगाचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कटला. मग विचारलं, "हमाल होते म्हणतेस?"

"हो. बंदरावरचे."

"हं." पुन्हा शांतता. मी फोन झाडाकडं वळवला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. काजूचं झाड कसं वाढतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, पण असं झाड त्यांनीही पाहिलं नव्हतं. "छाटत नाहीत काय रे हे लोक?" असं स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात नात मध्ये घुसली. कुणीतरी तिच्या हातात एक पिकलेलं फळ दिलं होतं. पडद्यावर पणजोबा दिसल्याबरोबर ती गोंधळली, फळ वर धरलं, आणि घाईत तिच्या तोंडून निघालं ते पोर्तुगीजच, "पॉसु कोमेर?" माझ्या पोटात खड्डा पडला.

अण्णा पडद्याकडं बघत राहिले. मग नेहमीच्या, काजूच्या बागेतल्या आवाजात म्हणाले, "खा. पण वाकून खा. फ्रॉकवर सांडू नको, त्याचा डाग जात नाही."

ती वाकली आणि खायला लागली. तिला मराठी कळलं होतं. त्यांना काय कळलं होतं, ते आम्हा सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. रस हनुवटीवरून थोडा सांडलाच.

रात्री झोपताना तिला मी पणजोबांची गोष्ट सांगितली, शाळेपासून चोर्ल्याच्या जंगलापर्यंत. सहा वर्षांच्या पोरीला जेवढी सांगावी तेवढीच. तिनं विचारलं, "मग त्यांना माझ्याशी पोर्तुगीज बोलायला दुखतं?" मी म्हटलं, "हो, दुखतं." ती म्हणाली, "मग मी मराठी बोलीन. पण त्यांनी हळू बोलायचं." अट रास्त आहे. मी अण्णांना कळवली आहे.

आता दर रविवारी संध्याकाळी फोन असतो. अण्णा हळू बोलतात. ती चुकते, ते सुधारतात. मध्येच ती पोर्तुगीजवर घसरते, तेव्हा ते उत्तर मराठीतच देतात, पण उठून जात नाहीत.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. व्हिसा लागतो, त्याला वेळ ठेवा. यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला जपून ठेवा, परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. इंग्रजी फारशी चालत नाही. पण घाबरू नका, पाव, बटाटा, चावी आणि पगार एवढ्यावर पहिला दिवस निघतो.

आणि न जाणाऱ्यांसाठी एक काम. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर या रविवारी त्यांना विचारा, लहानपणी शाळेत कुठली भाषा बोलली की मार बसायचा. बेळगावात, हैदराबादेत, गोव्यात उत्तरं वेगवेगळी येतील. मला लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात त्यातलीच काही इथं वाचू.